न भिजणारा पाहुणा

पितोंग बुकाल
१४ नोव्हेंबर १९७६

कुया सांतोंग,

आधी तुझ्या गुडघ्याचं कळव, पोलिसखात्यातल्या जुन्या बढाया नंतर. वहिनी सांगत होती, सार्जंट साहेब निवृत्त झाल्यापासून खिडकीतल्या खुर्चीवरून हलत नाहीत, रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकावर पाळत ठेवून असतात.

इकडे ठीक आहे. गेल्या महिन्याच्या वादळात नदीकाठच्या आपल्या भाड्यानं द्यायच्या सगळ्या खोपट्या वाहून गेल्या होत्या. बाल्दोनं त्या पुन्हा उभ्या केल्या. बांबू नवा, छपराच्या झावळ्या नव्या, फक्त नवरा तेवढा जुना. मालिनाव नदीचं पाणी निवळलंय, सातही झरे पुन्हा निळे दिसायला लागलेत. दर रविवारी मनिलाहून जीपा भरून माणसं येतात. पोहतात, तराफ्यावर बसून खिंडीपर्यंत जातात, मासे भाजतात, पितात आणि बेसूर गातात. माझ्या चुलीला उसंत नाही.

या मोसमात एक फार लाघवी कुटुंब जोडलं गेलंय, विल्यारेआल म्हणून. नवऱ्याचं नाव नार्दिंग, पण सगळे त्याला बॉसच म्हणतात. बायको कोरा, तीन मुली आणि एक गिटार. आल्याआल्या तो थेट चुलीपाशी येतो, झाकण उचलून वास घेतो आणि मावशीचा मान देत म्हणतो, "आलिंग लुमिंग, असं आंबट सार मनिलात मिळालं असतं तर मी इथवर कशाला कंबर मोडून घेतली असती?" बाल्दो तर त्याच्यावर पुरता भाळलाय.

पण हे पत्र दुसऱ्याच एका माणसासाठी लिहितेय. हा शुक्रवारी येतो, कुणी नसतं तेव्हा, पहिल्या प्रवासी जीपनीनं आणि एकटा. वय साठीच्या आसपास, अंगानं काटकुळा. नदीवर येताना पायात चामड्याचे बंद बूट! ते तो काढतही नाही. वरच्या झऱ्याच्या काठावर बसून पाण्याकडे बघत राहतो, पण एक बोटसुद्धा बुडवत नाही. मग उठून कुठे जावं? आपल्या स्मशानात! तिथल्या म्हाताऱ्या रखवालदाराला विचारत होता, सर्वात जुनी थडगी कोणती, कोणाच्या मागे कुणी उरलेलं नाही. कुया, मेलेल्यांची एवढी चौकशी करणारा माणूस जिवंतांचं काय करायला निघाला असेल?

तुला यातलं कळतं. सांग, काय करू?

तुझी धाकटी बहीण,
लुमिंग

•

२२ नोव्हेंबर १९७६

लुमिंग,

गुडघा आहे तिथेच आहे. वहिनीचं ऐकू नकोस.

कळवलंस हे चांगलं केलंस. आयुष्यभराच्या नोकरीत मी एक गोष्ट शिकलो. नदीवर येऊन जो भिजत नाही, तो नदीसाठी आलेला नसतो. आता नीट ऐक. इथे न्हाव्याच्या दुकानात कुजबुज आहे की विजेच्या प्रकल्पासाठी मालिनाव अडवणार आहेत. कुठे, ते कुणालाच ठाऊक नाही. अशा कामात आधी एक साधासा, एकटा माणूस धाडतात. कोणती जमीन कोणाची, वारस कोण, कोणाच्या मागे रडायला कुणी नाही, हे त्याला हवं असतं. आणि वारस कळायला स्मशानासारखी जागा नाही.

त्याच्याशी गोड बोल. कॉफी दे. नाव आणि गाव काढून घे. तो काय विचारतो ते लक्षात ठेव, आपण काही सांगू नकोस. बाल्दोच्या कानावर घालू नकोस. तुझा नवरा देवमाणूस आहे, पण त्याच्या पोटात पाणीसुद्धा राहत नाही.

त्या विल्यारेआल मंडळींना माझा नमस्कार सांग. अशी गिऱ्हाइकं जपावीत.

सांतोंग

•

५ डिसेंबर १९७६

कुया,

हे पत्र पोस्टात टाकत नाही, जीपनीवाल्या पास्कुआलच्या हाती देतेय. उत्तरही त्याच्याचकडे दे. लष्करी कायद्याच्या दिवसांत पोस्टातली पाकिटं कुठे उघडतात ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

तू सांगितलंस तसं केलं. शुक्रवारी त्याला हाक मारली, कॉफी दिली, भाजलेलं केळं दिलं. त्यानं टोपी काढून ते घेतलं आणि चुलीपासून लांब, छपराच्या कडेलाच बसला. नाव एलेउतेरिओ दाकानाय. गाव विचारलं तर म्हणाला हालिगी. कुठे आलं ते, म्हटलं. तर म्हणतो, "आता नाही ते." मी म्हटलं, नाही म्हणजे? गाव म्हणजे काय कोंबडी आहे, काल होती आणि आज नाही? तो हसला नाही. कॉफी ढवळत राहिला. कुया, ज्याला गाव नाही तो खोटं बोलतोय हे मला पोलीस नसूनही कळतं.

मग त्यानंच विचारलं, तराफेवाले परक्या माणसांना खिंडीत नेतात का? खिंडीतला खडक पक्का कुठे आणि ठिसूळ कुठे, हे सांगतात का? मी म्हटलं, आम्हाला काय ठाऊक. त्यावर तो हळूच म्हणाला, "ठाऊक असलं तरी सांगू नका." हे असं का म्हणाला असेल? मला वाटतं, माझी परीक्षा बघत होता.

हे मी कोराबाईच्या कानावर घातलं. बाल्दोला सांगू नकोस म्हणालास, तिला सांगू नकोस असं नाही म्हणालास. ती चटकन गंभीर झाली. म्हणाली, असली माणसं फार धोक्याची असतात, रानातल्या बंडखोरांचीही असतील, वेळीच कळवलेलं बरं. बॉसनंही त्याचं नाव दोनदा विचारून घेतलं.

ते दोघं होते म्हणून जरा बरं वाटलं. बाकी गेल्या रविवारी धमाल झाली. बॉसनं एक खेळ काढलाय. दोरीला शिशाचा गोळा बांधून झऱ्यात सोडायचा, तळ किती खोल ते आधी सगळ्यांनी सांगायचं, जिंकेल त्याला बिअर. बाल्दोच सारखा जिंकतो, लहानपणापासून बुड्या मारल्यात त्यानं. मग ते तराफ्यावरून खिंडीतही गेले आणि तिथेही तोच खेळ. बाल्दो येताना लाल होऊन गात गात आला.

गावातल्या बायका आता त्या दाकानायला बघून दारं लावतात. कुणी त्याला भात देत नाही. मीही आता देणार नाही.

लुमिंग

•

१३ डिसेंबर १९७६

लुमिंग,

येत्या शुक्रवारी स्वयंपाकघरातून बाहेर येऊ नकोस. त्यानंतर तो माणूस तुला त्रास देणार नाही. जास्त विचारू नकोस. हे वाचून चुलीत घाल.

सांतोंग

•

९ जानेवारी १९७७

कुया,

तू स्वयंपाकघरातून बाहेर येऊ नकोस म्हणालास, पण माझ्या स्वयंपाकघराला भिंत कुठे आहे? चार खांब आणि छप्पर. मी सगळं बघितलं.

तो जीपनीतून उतरला तेव्हा दोघे जण थांब्यावर उभेच होते. साधे कपडे, केस बारीक कापलेले. माझ्या शेजारणीनं त्याला भात नाही, पण कॉफी दिलेली होती, तिला दया आली असावी. ते दोघे मागोमाग आले तेव्हा ती त्याच्या हातात होती. त्यांनी खांद्यावर हात ठेवला तेव्हा त्यानं विचारलं, एवढी संपवू का? त्यांनी मान डोलावली. तो उभ्यानं शांतपणे प्यायला, पेला धुऊन उपडा ठेवला. मग माझ्याकडे बघितलं. कुया, तो रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. आपलं कुत्रं शेजाऱ्याची कोंबडी घेऊन आलं तर शेजारी आपल्याकडे बघतो ना, तसा तो बघत होता.

नाताळ झाला, नवं वर्ष झालं. घरात सगळं व्यवस्थित आहे. पण शुक्रवारी पहिल्या जीपनीचा आवाज आला की माझा हात थांबतो. बाल्दोनं विचारलं, तुझ्या भावाचं यात काही आहे का? मी नाही म्हटलं. लग्नानंतर त्याच्याशी पहिल्यांदाच एवढं मोठं खोटं बोलले.

तो कुठे आहे? त्याला मारलं का? त्यानं काय कबूल केलं?

बॉस आणि कोरा डिसेंबरपासून फिरकलेले नाहीत. मुलींच्या परीक्षा असतील.

लुमिंग

•

१७ जानेवारी १९७७

लुमिंग,

एवढे प्रश्न कागदावर लिहायचे नसतात, पास्कुआलच्या हाती दिले तरी.

मी फक्त छावणीतल्या एका ओळखीच्या अधिकाऱ्याला सांगितलं. मी नाव घेतलं, तर ते त्यांच्याकडे आधीच होतं. यावरून काय ते समज. आपला संशय एकट्याचा नव्हता.

चौकशी झाली. कशी होते ते मी तिथे नव्हतो म्हणून सांगू शकत नाही. माणूस हट्टी निघाला. त्याचं म्हणणं एकच, की त्याचं गाव पाण्याखाली आहे. जो तो काही ना काही सांगतो. नाताळानंतर त्याला सोडलंय. म्हणजे फार काही सापडलं नसावं, किंवा सापडलं असून त्याचा माग काढत असतील. या कामात दोन्ही होतं.

बाल्दोशी खोटं बोललीस ते योग्य केलंस. आता हा विषय बंद. तुझ्या खोपट्या, तुझी नदी सुखरूप आहे ना? मग झालं.

सांतोंग

•

२७ फेब्रुवारी १९७७

कुया,

विषय बंद झालेला नाही. शांत बसून वाच.

मंगळवारी विल्यारेआल आला. गिटार नाही, कोरा नाही, मुली नाहीत. डोक्यावर पिवळं शिरस्त्राण, मागे दोन ट्रक, एकात सैनिक. मी आधी हात हलवून हसले. खरंच हसले, कारण मला वाटलं, बिचारा कसल्याशा कामावर इकडे आलाय तर भेटायला थांबला. त्यानंही हसून हात हलवला, अगदी तसाच. चुलीपाशी आला, झाकण उचललं, वास घेतला. मग म्हणाला, "आलिंग लुमिंग, माझ्या माणसांना दुपारचं जेवण कराल का? आता बरेच दिवस आम्ही इथेच आहोत."

मी विचारलं, काय काम आहे? त्यानं बोटानं खिंड दाखवली. भिंत तिथे बांधणार. मग झऱ्यांकडे बोट केलं, मग चर्चच्या घंटेकडे, मग माझ्या डोक्यावरच्या छपराकडे आणि हात सपाट धरून त्याच्याही बराच वर नेला. पाणी इथवर येईल. हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर एक रेघ हलली नाही. उलट म्हणाला, तुम्हाला डोंगरावर नवी घरं मिळतील, पत्र्याची, एकसारखी.

त्याची माणसं खडकांवर लाल रंगाच्या खुणा करत सुटली होती. खिंडीतला पक्का खडक कोणता हे त्यांना विचारावं लागलं नाही. झऱ्यांची खोली मोजावी लागली नाही. बाल्दो काठावर उभा राहून बघत होता. विल्यारेआलनं त्याच्या पाठीवर थाप मारली आणि आपल्या माणसांना म्हणाला, हा माझा गुरू, यानं माझे कित्येक महिने वाचवले. सगळे हसले. बाल्दो घरी आला, पाठ टेकून भिंतीशी बसला आणि त्यानं हातातली तराफा ढकलायची काठी गुडघ्यावर मोडली. तेव्हापासून त्यानं तराफ्याला हात लावलेला नाही. विचारलं तर म्हणतो, "माझं तोंडच मी खिंडीत बुडवायला हवं होतं."

आता तुला कळलं ना? दाकानायनं मला विचारलं होतं, परक्यांना खिंडीत नेता का? तो म्हणाला होता, सांगू नका. तो सावध करत होता, आणि आपण त्याला त्याच माणसाच्या मदतीनं पकडून दिलं. मी कोराला त्याचं नाव सांगितलं. छावणीत ते नाव आधीच कसं पोहोचलं, हे समजायला पोलीस असावं लागत नाही, कुया.

तू मला शिकवलंस, जो भिजत नाही त्याच्यावर नजर ठेव. इथे जो सर्वात जास्त भिजला त्यानंच गळा कापला.

मला तो माणूस हवा आहे. तो कुठे राहतो ते शोधून काढ. हे मी विनंती म्हणून लिहीत नाही.

लुमिंग

•

१४ मार्च १९७७

लुमिंग,

तुझं पत्र आल्यावर मी छावणीत गेलो नाही. बस पकडून तो सांगत होता त्या हालिगीला गेलो. दोन बस बदलून, शेवटचा रस्ता लाकडं नेणाऱ्या ट्रकमधून. गुडघ्याचं आता विचारू नकोस.

हालिगी आहे. तळ्याखाली. उन्हाळा असल्यानं पाणी उतरलेलं होतं आणि मधोमध चर्चच्या शिखरावरचा क्रूस वर आलेला होता, त्यावर एक बगळा बसलेला. नाववाल्यानं सांगितलं, त्याच्या शेजारी जिथे पाणी गडद दिसतं तिथे बाजार होता. मी बराच वेळ त्या नावेतून उतरलो नाही.

लोक वरच्या माळावर राहतात. पत्र्याची घरं, एका ओळीत, एकसारखी. झाड नाही. पाणी प्यायला टँकर येतो, आणि समोर एवढं तळं. तिथे एलेउतेरिओ दाकानायच्या बहिणीचं घर सापडलं. मी कोण ते तिला सांगितलं. ती दारातच उभी राहिली, आत या म्हणाली नाही. म्हणाली, तो आहे, पण भेटणार नाही. उजव्या हाताची दोन बोटं त्यांनी मोडली, ती नीट जुळली नाहीत. तो तिथल्या शाळेत मास्तर होता. गाव बुडलं तेव्हा त्याची बायको नुकतीच गेलेली होती, थडगं ओलं होतं. जिवंतांना ट्रकमध्ये भरलं, मेलेल्यांना हलवायला वेळ नाही म्हणाले. पाणी चढताना तो काठावर बसून होता. त्यानंतर त्यानं कुठल्याही नदीत पाय घातला नाही. पण जिथे नदी अडवण्याची कुजबुज ऐकू येते तिथे तो जाऊन बसतो. लोकांना सांगायचं असतं त्याला, पण सांगता येत नाही. भीती वाटते कोण कोणाचं असेल त्याची. म्हणून आधी बसून माणसं बघतो.

तुमच्याकडे बहुधा बोलायला लागला होता, असं ती म्हणाली.

मी ज्यांना पकडलं त्यातल्या किती जणांचं गाव खरोखर पाण्याखाली होतं, हे आता मला रोज रात्री आठवून बघावं लागणार. तू माफ कर असं लिहीत नाही. पत्ता सोबतच्या चिठ्ठीत आहे. तू लिही. माझ्या नावाचा उल्लेख टाळू नकोस, त्याला आधीच ठाऊक आहे.

सांतोंग

•

पितोंग बुकाल
१७ मार्च १९७७

आदरणीय एलेउतेरिओ यांस,

मी लुमिंग. जिच्या चुलीवरची कॉफी तुम्ही प्यायलात ती. तुमचं नाव मी परक्यांना दिलं आणि माझ्या भावाला दिलं. त्यानंतर तुमच्या हाताचं जे झालं ते त्याच्याकडून कळलं. याची क्षमा पत्रातून मागणं बरं दिसत नाही, म्हणून मागत नाही.

मला तुमच्याकडून दुसरंच काही हवंय, आणि ते मागायला मला तोंड नाही हेही ठाऊक आहे. आमच्या खडकांवर लाल खुणा झाल्यात. गावात दोन तट पडलेत. अर्धे म्हणतात, नवी घरं घ्यावीत. अर्धे एकमेकांकडे बघतात, हा त्यांना सामील तर नाही? ज्याला आम्ही बॉस म्हणायचो त्या प्रकल्पाच्या माणसाला माझ्या नवऱ्यानं पाहुणा समजून खिंड दाखवली, म्हणून त्याच्याशी आता कुणी बोलत नाही. त्याला वाटतं ते बरोबर करतात.

पुढच्या महिन्यात नगरभवनात प्रकल्पाची सभा आहे. आम्हाला काय बोलावं कळत नाही. तुमच्या गावानं कुठे चूक केली? तुम्ही पुन्हा त्याच काठावर असता तर आधी काय केलं असतं? एवढं सांगा. यायला जमलं तर या. नाही आलात तरी मी समजेन.

इलुमिनादा

•

२४ मार्च १९७७

आलिंग लुमिंग यांस,

भाची लिहून घेतेय, माझी अक्षरं सध्या वळत नाहीत.

तुमचं पत्र आम्ही दोनदा वाचलं. बहीण म्हणते, हा सापळा आहे. शक्य आहे. सापळा लावणारे असंच लिहितात, साधं आणि खालमानेनं. तरी उत्तर देतोय, कारण तुमच्या नवऱ्याशी कुणी बोलत नाही असं तुम्ही लिहिलंत. सापळ्यात हे कुणी लिहिलं नसतं.

आमची चूक विचारलीत. आम्ही गप्प होतो, कारण प्रत्येकाला वाटलं शेजारी फितूर आहे. तोपर्यंत खरा फितूर जेवूनखाऊन निघून गेला होता. तुमच्या नवऱ्याशी आधी बोला. त्याला खिंडीतला ठिसूळ खडकही ठाऊक असेल, आणि तो त्यानं बॉसला दाखवला नसेल, कारण बॉसनं तो विचारलाच नाही.

दुसरं. आमच्या नदीवर बाहेरचं कुणी येत नसे. ती गेली तेव्हा मनिलात कुणाचा घास अडला नाही. तुमच्या झऱ्यांत हजारो लोक पोहून गेलेत. खोपट्या बंद करू नका. ईस्टरच्या पवित्र सप्ताहात जितके येतील तितके येऊ द्या, आणि प्रत्येकाला त्या लाल खुणा दाखवा. मनिलात ज्यांचं ऐकलं जातं अशी माणसंही त्यात असतील. स्वतःची सहलीची जागा जाते म्हटलं की माणूस चिडतो. न्यायासाठी तेवढा चिडत नाही, हे मी मास्तर असूनही उशिरा शिकलो.

तिसरं, थडगी मोजून ठेवा आणि प्रत्येकावर दिवा लावा. ज्यांच्या मागे कुणी नाही ती आधी विसरली जातात, म्हणूनच मी तुमच्या रखवालदाराला विचारत होतो.

मी येईन. तुमच्या भावाला माझा एक निरोप द्या. त्याची क्षमा मला नको. सभेत उभं राहून त्यानं काय केलं आणि कोणाच्या सांगण्यावरून झालं, ते त्यानं सांगावं. त्याचं बोलणं लिहून घेतलं जाईल, माझं नाही.

ए. दाकानाय

•

११ एप्रिल १९७७

कुया,

निरोप तुला दिलाच आहे. तू उत्तर पाठवलं नाहीस. मीही पुन्हा विचारणार नाही.

फक्त इथलं सांगते. बाल्दो खिंडीत जाऊन आला, सोबत गावातले चार जण. डाव्या बाजूचा खडक आतून पोकळ आहे, पावसाळ्यात तिथून पाणी पाझरतं. म्हणजे भिंत धरणार नाही. बॉसनं ते विचारलं नव्हतं आणि बाल्दो तेव्हा बिअर पीत होता. आता त्याच्याशी लोक बोलायला लागलेत, शिव्या देत का होईना.

गुड फ्रायडेला नेहमीप्रमाणे कुणी पाण्यात उतरलं नाही. पण शनिवारी आणि ईस्टरला एवढी गर्दी झाली की भात तीनदा शिजवला. एलेउतेरिओ प्रत्येक खोपटीत जाऊन बसले. वकील निघाले, एक वर्तमानपत्रातली बाई निघाली, दोन पाद्री निघाले. एका जाड्या व्यापाऱ्यानं लाल खूण बघितली आणि विचारलं, म्हणजे माझी मुलं पुढच्या वर्षी कुठे पोहणार? एलेउतेरिओंनी माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदा त्यांना हसताना बघितलं.

ते अजून मला पूर्ण मानत नाहीत. वाढलेल्या भातातला आधी मी खाल्ला की मग खातात. मी खाते.

सभा बावीस तारखेला आहे.

लुमिंग

•

२४ एप्रिल १९७७

लुमिंग,

तू सभेत मागच्या बाकावर होतीस, त्यामुळे मी काय बोललो ते पुन्हा लिहीत नाही. तुला ऐकू आलं नसेल तेवढंच सांगतो. मी बोलून खाली बसलो तेव्हा विल्यारेआल हसत होता. अगदी तू लिहिलंस तसा. मग वर्तमानपत्रातल्या बाईनं त्याला विचारलं, तुम्ही हे सगळं नाकारता का? तो हसतच राहिला आणि समोरचे कागद गोळा करायला लागला. तुमच्या नदीचा निर्णय सहा महिने पुढे ढकलला, पोकळ खडकाची नवी तपासणी होणार. हा विजय नाही. पण हालिगीला एवढंही मिळालं नव्हतं.

बाहेर पायऱ्यांवर दाकानाय उभा होता. मी त्याच्यासमोर थांबलो. तो म्हणाला, "सार्जंट, हे तुम्ही माझ्याबाबतीत सांगितलंत. आधीच्यांबाबतीत कोण सांगणार?" मी म्हटलं, मीच. तो मान हलवून निघून गेला. हात मिळवला नाही. तो मिळवूही शकला नसता.

कालपासून माझ्या घरासमोर एक पोरगेला माणूस उभा आहे. मक्याचं कणीस विकत घेतो, खातो, पुन्हा घेतो. बूट सरकारी. मी शिकवलं असतं तर त्यानं आधी बूट बदलले असते. छावणीतून निरोपही आलाय, उद्या सहज गप्पा मारायला या म्हणून. मी किती लोकांना हाच निरोप धाडलाय ते मला माहीत आहे.

वहिनीला तुझ्याकडे पाठवतोय, हे पत्र तिच्याच हाती आहे. पास्कुआलच्या जीपनीत ती पुढे बसेल. तिला झऱ्याजवळची सावलीची खोपटी दे, भाडं लावू नकोस आणि तिला काही सांगू नकोस. म्हणजे, सांग. सगळं सांग. न सांगून आपण काय मिळवलं ते बघितलंच.

उद्या ते घ्यायला येण्याआधी मी स्वतःच चालत जाणार आहे. सदरा इस्त्री केलाय. आधीच्यांपैकी मला आठवली तेवढी नावं दाकानायला काल सांगून आलो. त्यानं डाव्या हातानं सावकाश लिहून घेतली, आणि प्रत्येक नाव झालं की वर बघून विचारलं, "पुढचं?"

तुझा,
कुया